टेकडीवरचा ट्रेल फुटतो तेव्हा कुदळ कुठे मारायची आणि कुठे नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याजवळच्या एका टेकडीवर माउंटन बाइक चालवणारा गट नेहमी जातो. माथ्यावरून खाली येणारा त्यांचा ट्रेल दर पावसाळ्यात फुटतो. मधोमध गुडघाभर चर पडला आहे, तो चुकवायला दोन्ही बाजूंनी नव्या वाटा झाल्या आहेत आणि सकाळी फिरायला येणारी मंडळी सगळा दोष सायकलवाल्यांना देतात. गटातल्या काहींना वाटतं की जेसीबी लावून चर बुजवावा, चार ट्रॅक्टर मुरूम टाकावा आणि जास्त उतार आहे तिथे सिमेंट ओतावं. काहींचं म्हणणं, निसर्गात हात घालूच नये. टेकडीला धक्का न लावता ट्रेल टिकवायचा तर करायचं काय?

मला दोन्ही मतं पटत नाहीत. चरात टाकलेला मुरूम वळवाच्या दोन सरींत पायथ्याला जाईल. सिमेंटखालची माती पाणी पोखरेल आणि ठोकळे अधांतरी राहतील. आणि काहीच केलं नाही तर चर आपोआप थांबत नाही. तो वरच्या बाजूला सरकत जातो आणि कडेच्या वाटाही एकेक करून चर होतात. सह्याद्रीतल्या वाटांवर काम करताना मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे: वाट मोडते ती पाण्यामुळे. चाकं आणि पावलं पाण्याला धरायला जागा करून देतात, बाकीचं काम पाणी करतं. म्हणून देखभाल म्हणजे सायकलची वाट आणि पाण्याची वाट एकमेकींपासून वेगळी करणं. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

फिरायला येणाऱ्यांशी बोलताना उपयोगी पडेल असं आधी सांगतो. अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माणसं, घोडे, मोटरसायकली आणि सायकली यांना त्याच वाटांवरून नेऊन किती माती सुटी होते ते मोजलं होतं. ओल्या वाटेवर घोड्यांच्या टापांनी आणि माणसांच्या पावलांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या, २००१ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात एकाच जंगलातल्या वेगवेगळ्या पट्ट्यांवरून ५०० वेळांपर्यंत माणसं आणि तितक्याच वेळा सायकली नेल्या. झाडोऱ्याचं आणि मातीचं नुकसान दोन्हीकडे सारखंच आलं, आणि ते मुख्यतः वाटेच्या मध्यरेषेपासून ३० सेंटिमीटरच्या आत राहिलं. पण यातून सायकलवाले निर्दोष ठरतात असं समजू नका. चाक सलग रेघ ओढतं आणि पाण्याला सलग रेघच हवी असते. शिवाय ब्रेक दाबून चाक घसरवत उतरलेल्या सायकलीचा हिशेब या अभ्यासांत नाही. आपल्या कामाचा मुद्दा त्यातून एवढाच घ्यायचा: वाट कोण वापरतं यापेक्षा ती कुठून आणि कशी जाते, याला जास्त महत्त्व आहे.

आता पाण्याचा हिशेब बघा. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी होतं. तुमची वाट १ मीटर रुंद आणि १०० मीटर लांब धरली आणि एका जोरदार दिवसात ५० मिलिमीटर पाऊस झाला, तर नुसत्या वाटेच्या अंगावर ५,००० लिटर पाणी पडलं. वरच्या उतारावरून वाहत येऊन वाटेत शिरलेलं वेगळंच. हे सगळं वाटेतूनच खाली गेलं तर जाता जाता वेग घेतं, आणि खरी गोम वेगात आहे. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला की ते ढकलू शकेल अशा सगळ्यांत जड दगडाचं वजन ६४ पटीपर्यंत वाढतं. म्हणूनच चराच्या तळाशी तुम्हाला डोक्याएवढे धोंडे लोळताना दिसतात. तेच ५,००० लिटर पाणी १० ठिकाणी वाटेबाहेर काढलं तर प्रत्येक ठिकाणी ५०० लिटर येतं, आणि तेवढं पाणी गवतात पसरून जातं.

म्हणून पहिलं काम कुदळीशिवायचं आहे. भर पावसात, सायकल घरी ठेवून, रेनकोट घालून ट्रेलवर चालत जा. पाणी वाटेत कुठे शिरतं, किती लांब वाटेतून धावतं, कुठे बाहेर पडू पाहतं आणि कुठे अडतं, हे जागोजागी फोटो काढून नोंदवा. उन्हाळ्यात बघून केलेले आराखडे मला कधीच भरवशाचे वाटले नाहीत. कोरड्या वाटेवर प्रत्येक जण सायकलस्वाराच्या नजरेने बघतो.

त्यानंतर उतार मोजायचा. इथे एक साधा नियम आहे, जगभर ट्रेल बांधणारे तो पाळतात: वाटेचा उतार टेकडीच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नको. टेकडीचा उतार ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत हवी. त्यापेक्षा खडी झाली की पाण्याला वाट ओलांडून पलीकडे जाण्याऐवजी वाटेतूनच उतरणं सोपं जातं. सबंध ट्रेलची सरासरी मात्र १० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. या नियमातली खरी खोच सौम्य उतारावर कळते. टेकडीचा उतार जेमतेम १२ टक्के असला की सगळ्यांना वाटतं, इथे सरळ खाली गेलं तरी चालेल. पण तिथे वाट ६ टक्क्यांच्या वर नको! पायथ्याच्या सौम्य भागात सायकलवाटा इतक्या खोल का जातात, याचं उत्तर यात आहे.

मोजायला महागडं यंत्र लागत नाही. गवंड्याकडची पाणसळीची नळी घ्या. १० मीटर अंतरात १ मीटर उतरलं तर उतार १० टक्के. पाणलोटाच्या कामात समपातळी रेषा आखायला वापरतात ती तीन काठ्यांची, दोरीला दगड बांधलेली ए-फ्रेमही चालते. तुमच्या ओळखीत श्रमदानाला गेलेलं कुणी असेल तर त्याला ती येत असणारच.

श्रमदानाचा विषय निघालाच आहे तर एक फरक लक्षात घ्या. धावत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला आणि थांबलेल्याला मुरायला लावा, हे आपल्या गावोगावच्या जलसंधारणाचं सूत्र टेकडीसाठी अगदी खरं आहे. ट्रेलच्या अंगावर मात्र पाणी थांबता कामा नये. थांबवायचं आणि मुरवायचं ते वाटेच्या बाहेर, खालच्या गवतात. पाणी मुरवायला उताराला आडवे समपातळी चर खोदणारे गट आणि ट्रेल सांभाळणारे गट एकाच टेकडीवर काम करत असतील तर त्यांनी एकत्र बसावं. अशा समपातळी चराचा सांडवा चुकून ट्रेलच्या डोक्यावर निघाला तर एका रात्रीत वाट फुटते.

आता दरवर्षी करायचं नेहमीचं काम. वाट वापरात असली की मधला भाग दबतो आणि बाहेरच्या, म्हणजे दरीकडच्या कडेला मातीचा लहानसा वरंबा तयार होतो. दिसायला तो किरकोळ असतो, पण पाण्याला वाटेत कोंडून ठेवणारा तोच. पावसाळा संपता संपता फावड्याने हा वरंबा कापायचा, निघालेली माती वाटेच्या मधल्या खोलगट भागात टाकायची आणि ओल असतानाच धुम्मसाने ठोकायची. खालच्या उतारावर माती लोटून देऊ नका, ती गवताचे गड्डे गाडून टाकते. वाटेचा पृष्ठभाग दरीकडे साधारण ५ टक्के कललेला हवा, म्हणजे १ मीटर रुंदीत ५ सेंटिमीटर. डोळ्यांनी हे ओळखू येत नाही. बाटलीतलं पाणी वाटेवर ओता आणि ते कुठे जातं ते बघा. आडवं जाऊन कडेने उतरलं तर ठीक, वाट धरून चाललं तर काम बाकी आहे.

नुसता कल पुरत नाही, कारण वापराने तो पुन्हा मोडतो. म्हणून ठराविक अंतरावर वाटेला थोडं खाली आणि मग थोडं वर न्यायचं. दरीच्या बाजूला तोंड केलेली अर्धी बशी जमिनीत बसवल्यासारखा खोलगटपणा वाटेत करायचा: साधारण ३ मीटर लांब, मध्यावर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा १५ सेंटिमीटर खाली. त्यातून निघालेली माती लगेच पुढे टाकून ३-४ मीटर लांबीचा, वीतभर उंचीचा सौम्य चढ करायचा. पाणी खोलगट भागात येतं, चढ ओलांडू शकत नाही आणि बाहेर पडतं. हाच वाटेचा सांडवा. सायकलला ती एक छान लाट लागते, चालणाऱ्याला कळतही नाही. पुणे शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथे असे सांडवे १० ते १५ मीटरवर पुरतात. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी, जिथे ५,५०० मिलिमीटरहून जास्त पडतो, किंवा लोणावळा, ताम्हिणीकडच्या घाटमाथ्यावर ते ६-८ मीटरवर हवेत. सांडव्याचं तोंड आतून बाहेर रुंद होत जायला हवं, नाहीतर पहिल्याच पावसात गाळाने बुजतं. तोंडापाशी पाच-सहा चपटे दगड मातीत बसवले तर खाली नवी ओघळ पडत नाही. आणि वळणावळणाने उतरणारी वाट असेल तर वरच्या सांडव्याचं पाणी खालच्या टप्प्यावर येणार नाही, हे आधी बघा. सगळ्यांत जास्त घोटाळा इथे होतो.

बरेच जण यासाठी वाटेत आडवा ओंडका किंवा दगडांची ओळ लावतात. ते टाळा. त्यामागे गाळ साठतो, पुढच्या सरीत पाणी वरून उडी मारतं आणि पलीकडे खड्डा करतं. सायकलस्वार ओंडका चुकवून कडेने जातो आणि वाट रुंदावते. परदेशी पुस्तिकांमध्ये लाकडाचा सढळ वापर दिसतो, पण तिथलं लाकूड आणि तिथली थंडी वेगळी. आपल्या टेकड्यांवर वाळवी एक-दोन हंगामांत ओंडक्याचा भुगा करते. मातीने भरलेल्या प्लॅस्टिकच्या गोण्याही नकोत. उन्हाने त्यांच्या चिंध्या होतात आणि त्या टेकडीवरच राहतात. धरून ठेवायला काही हवंच असेल तर गोणपाट किंवा काथ्याची जाळी घ्या. गवत मूळ धरेपर्यंत ती टिकते आणि मग कुजून जाते.

आता तुमच्या गुडघाभर चराकडे येऊ. वर्णनावरून तो भाग सरळ उताराच्या रेषेत आहे. अशा वाटेला सांडवे काढताच येत नाहीत, कारण दोन्ही बाजूंची जमीन वाटेपेक्षा वर असते. तिथे दुरुस्ती करणं म्हणजे दरवर्षी तेच काम पुन्हा करणं. माझं स्पष्ट मत आहे की तो भाग सोडून द्यावा, बरा करावा आणि वाट बाजूने आडवी न्यावी. ट्रेकवाले ज्याला ‘आडवी मारणं’ म्हणतात तेच. सह्याद्रीतल्या जुन्या ढोरवाटा बघा, गुरं कधी नाकासमोर चढत नाहीत. उतार तिरका कापत, झाडांना वळसा घालत ती वर जातात, आणि त्या वाटा कितीतरी पावसाळे तशाच टिकतात. नवी रेषा आखण्याआधी त्या टेकडीवर गुरं चारणाऱ्यांना सोबत घेऊन एकदा फिरा. पाणी कुठे पाझरतं, कुठे भुसभुशीत आहे हे त्यांना पाठ असतं.

पण नवी वाट म्हणजे नव्या जमिनीवर घाव, हेही विसरू नका. ६० मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद वाट काढली तर ३६ चौरस मीटर जिवंत जमीन गेली. म्हणून हा निर्णय एकदाच आणि सावकाश घ्यायचा. रेषा सुतळीने आखून ठेवा, एकदा पावसात आणि एकदा उन्हाळ्यात तिच्यावरून चाला. वारूळं, मोठ्या झाडांची मुळं, पावसाळ्यात कंद फुटतात त्या जागा टाळा. दख्खनच्या पठारावर लाव्हाच्या दोन थरांमध्ये काही ठिकाणी लालसर, मऊ मातीचा थर असतो. तिथे पावसाळा संपल्यावरही पाणी झिरपत राहतं. त्या थरावरून वाट लांबपर्यंत नेऊ नका, ओलांडायचीच तर कमीत कमी अंतरात ओलांडा आणि तेवढ्या तुकड्यात दगडी सोलिंग करा. दगड उभे, लांब बाजू जमिनीत जाईल असे, एकमेकांना घट्ट भिडवून बसवायचे. पसरून ठेवलेले चपटे दगड चाकाखाली निसटतात.

वाट खोदताना सगळी रुंदी टेकडीच्या अंगात कापून घ्यायची. अर्धी कापायची आणि अर्धी बाहेर भराव टाकून करायची, असं केलं तर भराव पहिल्या पावसात खचतो. ४५ ते ६० सेंटिमीटर रुंदी एका सायकलला भरपूर आहे. कुदळ, टिकाव, फावडं, घमेलं, पहार आणि दाताळं एवढ्यावर हे काम होतं. जेसीबीला मी ठाम नकार देईन. त्याच्या जाण्यायेण्यालाच ट्रेलच्या चौपट रुंदीचा रस्ता लागतो, आणि तो रस्ता मग बुजत नाही. आज ट्रेलसाठी झालेला रस्ता उद्या चारचाकीसाठी वापरला जातो. खोदण्याआधी वरचे गवताचे गड्डे मुळांसकट मोठ्या ढेपांत काढा आणि ओल्या गोणपाटाखाली सावलीत ठेवा. हेच गड्डे आपल्याला बंद करायच्या जुन्या वाटेवर लावायचे आहेत.

जुनी वाट बंद करणं हा या सगळ्यातला सगळ्यांत दुर्लक्षित आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा भाग आहे. दोन काटक्या आडव्या टाकून वाट बंद होत नाही. चरात अनघड दगडांचे छोटे बांध घाला: उंची फूट-दीड फूट, मध्यभाग कडांपेक्षा थोडा खाली, दोन्ही टोकं काठात खोवलेली. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायाला येईल इतकं अंतर ठेवलं की गाळ पायऱ्यापायऱ्यांनी भरत येतो. दाबून कडक झालेली जमीन टिकावाने १०-१५ सेंटिमीटर मोकळी करा, नाहीतर तिथे गवत रुजणार नाही. गड्डे लावा. त्याच टेकडीवरच्या मारवेल, पवना, डोंगरी अशा गवतांचं बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हाताने ओरबाडून जमा करा आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर टाका. वरच्या आणि खालच्या टोकाचे पहिले १० मीटर असे झाका की ती वाट होती हे कळू नये. डोळ्याला वाट दिसत असेपर्यंत कुणीतरी त्यावर चाक घालणारच.

झाकायला फांद्या लागतात आणि पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प मुबलक आहे. वनीकरणात लावलेलं हे परदेशी झाड, त्याच्या फांद्या वापरणं उत्तमच. पण ताज्या फांद्या पावसात रोवल्या गेल्या तर मूळ धरतात आणि तुम्ही वाट बंद करता करता नवीन गिरिपुष्पाची रांग लावून बसाल. कापून उन्हात पूर्ण वाळवा, मगच टाका. घाणेरी फळांवर असताना तिला हात लावू नका. बोरीच्या, बाभळीच्या छाटलेल्या फांद्या मिळाल्या तर त्यांच्यासारखं कुंपण नाही.

तणांचा प्रश्न इथेच येतो. उकरलेल्या जमिनीवर सगळ्यांत आधी गाजर गवत, रानमोडी आणि पावसाळ्यानंतर टेकड्या पिवळ्या-केशरी करणारं कॉसमॉस येतं. कॉसमॉससोबत लोक हौसेने फोटो काढतात, पण त्याच्याखाली आपलं गवत गुदमरतं. गाजर गवताची भारतातली पहिली ठळक नोंद १९५०च्या दशकात पुण्यातच झाली, तेव्हा हा पाहुणा आपल्याला नवा नाही. बाहेरून मुरूम आणायला माझा विरोध आहे त्याचं मोठं कारण हेच: प्रत्येक ट्रॉलीतून बी येतं. माती लागेल तेवढी ट्रेलच्याच वरंब्यातून आणि सांडव्यातून मिळते. काम केलेल्या जागी पहिली दोन वर्षं, फुलं येण्याआधी, हातमोजे घालून तण उपटा. तणनाशक मारू नका, पहिल्या पावसात ते खालच्या ओढ्यात जातं. एका टेकडीवरून दुसरीकडे सायकल नेताना टायरमधला चिखल घरीच धुऊन काढा.

दगडांबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. बांध आणि सोलिंग म्हटलं की लोक आजूबाजूचे सुटे दगड गोळा करू लागतात. उघड्या माळावरचा प्रत्येक सुटा दगड कुणाचं तरी घर असतं. फुरसं, विंचू, पाली, बेडूक उन्हाळ्याचे कडक महिने त्याखाली काढतात. दगड उलटवणं तुमच्या बोटांसाठीही धोक्याचं आहे. जुन्या खाणीचा ढीग, चरात वाहून आलेले धोंडे आणि पायथ्याचे बांधकामाचे उरलेले दगड, फक्त तिथलेच घ्या. पठारावर आणि सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या सपाट माळावर, तर दगडाला हातच लावू नका. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरून २०१६ साली सरड्याची ‘सरडा सुपर्बा’ ही नवी जात नोंदली गेली. उन्हाळ्यात याचे नर दगडावर बसून गळ्याखालचा निळा-नारिंगी पंखा फुलवतात. तिथला एक दगड हलवला की एका नराची जागा गेली.

सड्यांवर ट्रेल सांभाळायचा प्रश्नच येत नाही, कारण तिथे नवा ट्रेल असूच नये असं मला वाटतं. कातळावर बोटभर मातीचा थर साचायला किती काळ गेला असेल याचा अंदाज करवत नाही, आणि त्याच बोटभर मातीत पावसाळ्यात गेंद, सीतेची आसवं आणि कवल्याचे गालिचे येतात. ओल्या सड्यावरून गेलेल्या चाकाचा ओरखडा पुढच्या वर्षीही दिसतो. कास पठारासह पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना २०१२ साली जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, पण ज्या सड्यांना कसलाच दर्जा नाही त्यांवरची माती तितकीच पातळ आहे. जायचंच असेल तर जुन्या गाडीवाटेवरून किंवा उघड्या कातळावरून, आणि जून ते ऑक्टोबर नाहीच.

काम कधी करायचं? गटांना मे महिना सोयीचा वाटतो, सुट्ट्या असतात. पण मे मध्ये माती कोरडी असते, ठोकली तरी बसत नाही आणि पहिल्या पावसात वाहून जाते. शिवाय साधारण मार्चपासून पावसाळ्याच्या सुरुवातीपर्यंत टिटव्या, माळटिटव्या, चंडोल, रातवे उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ती अंडी मातीच्या रंगाची असतात, पायाखाली आली तरी कळत नाहीत. खोदकामाचा खरा काळ सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर: मातीत ओल असते, पावसाने दाखवलेल्या खुणा ताज्या असतात, गवताच्या गड्ड्यांत जीव असतो. फक्त ज्या तुकड्यावर रानफुलं बहरात असतील तो शेवटी घ्या. मे अखेरीस एक फेरी मारायची ती सांडव्यांच्या तोंडातला पाला काढायला, तीही वाट न सोडता. कडेचं गवत वाळलं म्हणून कुणी जाळून वाट मोकळी करायचं सुचवलं तर त्याला तिथेच थांबवा. विळ्याने दोन हात रुंद कापलं की पुरतं, आणि आपल्या टेकड्यांना वणवे आधीच कमी नाहीत.

परवानगीशिवाय यातलं काहीही करू नका, हेतू कितीही चांगला असला तरी. पुण्याच्या टेकड्यांवर काही जमीन वनखात्याची, काही महापालिकेची, काही खासगी, काही लष्कराची आहे. राखीव वनात परवानगीवाचून जमीन फोडणं १९२७च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २६ खाली गुन्हा आहे, मग ते ओघळ बुजवण्यासाठी असलं तरी. अभयारण्यात १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणखी कडक आहे. आधी वनरक्षकाला भेटा, मग वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. अर्जाला पावसातले फोटो, उताराची मापं, नकाशावर बंद करायचा आणि नवा भाग, दगड कुठून आणणार आणि कोणत्या महिन्यात काम करणार हे जोडा. ‘नवा ट्रेल करू द्या’ असा अर्ज अडतो. ‘या चार फुटलेल्या वाटा बंद करून एक ठेवू’ असा अर्ज वाचला जातो. फिरायला येणाऱ्या मंडळींतल्या दोघांची सहीही त्यावर घ्या. त्यांनाही त्या चार वाटा नकोच आहेत.

चालवण्याबद्दल फार बोलत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. चाक लॉक करून घसरत उतरू नका, डबकं आलं तर मधून जा, कडेने नाही. आणि पाऊस पडून गेल्यावर पहिल्या सौम्य तुकड्यावर थांबून मागे बघा. टायरचा ठसा बोटाच्या पेरापेक्षा खोल उमटला असेल तर सगळ्यांनी परत फिरायचं. मुरमाड वाट काही तासांत निथळते, काळ्या मातीची वाट दोन-तीन दिवस घेते. एकाच ट्रेलवर दोन्ही माती असतील तर काळी माती ठरवेल.

शेवटी मोजमाप. ट्रेलवर पाच-सहा ठिकाणी, वाटेच्या दोन्ही बाजूंना, चाकाच्या आवाक्याबाहेर लोखंडी खुंटी ठोका. दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणून दर १० सेंटिमीटरवर सुतळीपासून जमिनीपर्यंतचं अंतर वहीत लिहा. मे महिन्यात एकदा, ऑक्टोबरमध्ये एकदा, आणि त्याच जागेवरून एक फोटो. दुसऱ्या वर्षापासून तुमच्याकडे अंदाजाऐवजी आकडे असतील. ज्या खुंटीपाशी खोली वाढली असेल तिच्या वरच्या अंगाला पुढचा सांडवा घ्यायचा. जिथे दोन वर्षं फरक पडला नाही तिथे हात लावायचा नाही.